पेन ड्राइव्ह तिजोरीत ठेवायला सांगणाऱ्यांनी शाहूपुरीतलं पाणी आठवावं

"व्यापारी बंधूंनो, सावधान! क्लाऊडवरचा हिशोब आजच काढा!" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या व्यापारी ग्रुपवर फिरतोय. पुढे सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्हं आणि शेवटी "एका मोठ्या सीए साहेबांकडून" अशी बिननावाची सही. मी राजारामपुरीत बसून लहान दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्नं बघते. असले मेसेज रोज येतात, मी उघडतही नाही. पण हा माझ्या मामांनी पाठवला आणि खाली विचारलं, "काय गं, हे खरं हाय काय? पोराला सांगून सगळं डिलीट मारू?" मामांचं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ज्यांच्या दुकानात २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा पुराचं पाणी शिरलं, तेच क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलसारख्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली, दुकानाबाहेरची हिशेबाची एकमेव प्रत पुसून टाकायला निघालेत. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं काम चोख केलंय.

तर पहिला मुद्दा. "केंद्र सरकारने गुगल ड्राइव्हवर बंदी घातली आहे, हिशोब सापडल्यास दंड." साफ खोटं. हे पिल्लू कुठून सुटलं ते मात्र कळतं. जून २०२२ मध्ये एनआयसीनं, म्हणजे सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेनं, सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या होत्या. सरकारचे गोपनीय कागद गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या बाहेरच्या सेवांवर चढवू नका, असं त्यात होतं. त्या सूचना सरकारी कर्मचाऱ्यांसाठी होत्या. मामा कलेक्टर कचेरीत नोकरीला नाहीत.

आणि व्यापाऱ्यासाठी कायदा काय म्हणतो, ते त्या "मोठ्या सीए साहेबांनी" एकदा उघडून बघायला हवं होतं. सीजीएसटी, म्हणजे केंद्राच्या जीएसटीचे नियम २०१७, नियम ५७. हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा नीट इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवायचा, आणि तो असा की अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती परत उभी करता आली पाहिजे. नैसर्गिक कारण म्हणजे काय, हे पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. शिवाय सीजीएसटी कायद्याचं कलम ३६ आहेच: वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचा. सहा वर्षं. या नियमात क्लाऊडच वापरा असं कुठं लिहिलेलं नाही, हे मान्य. पण खोली पाण्यात गेली तरी परत आणता येईल अशी प्रत त्याच खोलीत कशी ठेवायची, ते कुणीतरी मला सांगावं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर नियम आणखी कडक आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या ज्या वर्कशॉपवाल्यांनी कंपनी करून घेतली आहे, त्यांनी हे आपल्या सीएला जरूर विचारावं.

आता क्रम मोडते आणि थेट पाचव्या मुद्द्यावर येते, कारण माझं डोकं फिरलं ते त्याच्यामुळे. "हॅकर फक्त ऑनलाइन असणाऱ्यालाच धरतो. हिशोब पेन ड्राइव्हवर घ्या, तिजोरीत ठेवा. १००% सुरक्षित."

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ चा पूर ओसरल्यावर मी व्हीनस कॉर्नरजवळच्या एका क्लायंटच्या दुकानात गेले होते. काउंटरखालचा सीपीयू दोघांनी उचलून बाहेर आणला, तेव्हा त्याच्या जाळीतून गाळ गळत होता. वह्यांचा लगदा झालेला. तिजोरीची चावी कशीबशी फिरली आणि दार उघडल्याबरोबर आतलं पाणी भसकन आमच्या पायांवर आलं. रस्त्यावरचं पाणी केव्हाच उतरलं होतं, तिजोरीनं मात्र ते जपून ठेवलं होतं. लोखंडी तिजोरी चोरासाठी असते, तिला पाणी अडवता येत नाही.

पेन ड्राइव्ह तिजोरीतच होता. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेला, आणि मेसेजवाल्यांनी ऐकावं, तो चालला! आम्ही सगळे खूश. उघडून बघितलं तर आत बॅकअप मार्च अखेरचा. एप्रिलपासून पुढचं काहीच नाही, कारण मार्चची धावपळ संपल्यावर तो पेन ड्राइव्ह तिजोरीतून कुणी बाहेरच काढला नव्हता. असंच होतं. हातानं घ्यायचा बॅकअप पहिले दोन आठवडे नेमानं होतो, मग लग्नसराई येते, मग पोरगा सुट्टीवर जातो.

मग काय केलं? जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, काढून व्यापाऱ्यांना दिलेली बिलं परत भरली, पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी २ए या पोर्टलवरच्या खरेदीच्या पत्रकावरून घेतली. म्हणजे वाचवलं कुणी, तर सरकारच्या सर्व्हरवर पडून असलेल्या माहितीनं, दुकानाबाहेरच्या प्रतीनं. पण किरकोळ उधारी पोर्टलवर नसते. ऊसबिल जमा झालं की देतो म्हणून शेतकऱ्यांनी नेलेले पंप, मोटरी, त्याची नावं आणि आकडे त्या सीपीयूमध्ये होते आणि मालकाच्या डोक्यात. बऱ्याच जणांनी आपणहून येऊन पैसे दिले, ही कोल्हापूरची माणुसकी. सगळ्यांनी दिले नाहीत, हीही कोल्हापूरचीच गोष्ट.

राहिला हॅकर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, जगभर पसरलं, ते विंडोजमधल्या एका फटीतून, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर. त्याला तुमच्या क्लाऊडशी काही देणंघेणं नव्हतं. ती फट बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता, पण क्रॅक मारलेल्या विंडोजवर अपडेट बंद करून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. अजूनही हे असंच शिरतं. "कोटेशन" नावाची फाइल मेलवर येते, कुणीतरी उघडतं. किंवा मालकाला घरून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दिसावी म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) उघडा ठेवून दिलेला असतो, पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. सकाळी येऊन बघावं तर टॅलीच्या फोल्डरमधल्या फाइलींच्या नावांची शेपटं बदललेली आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. सीपीयूला कायम लावून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तीही त्याच दणक्यात जाते. पेन ड्राइव्ह काढून ठेवला असेल तर वाचतो, एवढं श्रेय त्याला देते. आत मार्चचा हिशेब असतो, ते वर सांगितलंच.

इथं एक कबुली द्यावी लागते. "क्लाऊडवरही व्हायरस जातो", असं त्याच मुद्द्याखाली लिहिलंय आणि ते अर्धं खरं आहे. कॉम्प्युटरवरचं ड्राइव्हचं फोल्डर आणि वरची प्रत सतत जुळवून घेतली जाते, त्यामुळे इथली फाइल खराब झाली की वरची पण खराब होते. गुगल ड्राइव्ह अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवतं. तेवढ्यात लक्षात आलं तर परत मिळते, नाही आलं तर बसा. म्हणून टॅलीचं चालू डेटा फोल्डर उचलून ड्राइव्हमध्ये टाकू नका. टॅली उघडी असताना त्या फाइली जुळवायला घेतल्या की डेटा बिघडायची भीती असते. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल वर पाठवा, तारीखवार, जुन्यावर नवी न चढवता. साध्या दुकानाच्या बॅकअपला गुगलची फुकटची १५ जीबी पुष्कळ झाली.

बाकीचे मुद्दे पटापट.

"१ एप्रिलपासून आयकर खातं तुमचा क्लाऊड उघडून बसणार." नवा आयकर कायदा २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्याच्या कलम २४७ मध्ये झडतीच्या वेळी पासवर्ड ओलांडून डिजिटल माहिती बघायचा अधिकार आहे, हे खरं. पण तो झडतीच्या वेळचा. रोज सकाळी चहा पिता पिता तुमचा ड्राइव्ह चाळत बसण्याचा नाही. जुन्या कायद्यातही झडतीत कॉम्प्युटरवरचा हिशेब दाखवावाच लागायचा. आणि झडती आलीच तर तुमच्या तिजोरीतला पेन ड्राइव्ह ते सगळ्यात आधी उचलतील. विक्रीचे आकडे लपवायचे असतील तर तेही जमणार नाही. जीएसटीआर-१ तुम्हीच भरता, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेलं प्रत्येक बिल सरकारच्या पोर्टलवरून जातं.

"तुमच्या पार्ट्या (गिऱ्हाइकं) आणि दर स्पर्धकाला विकतात." जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर वाचणं गुगलनं २०१७ मध्ये बंद केलं, ड्राइव्हवरच्या फाइलीही जाहिरातीला वापरत नाही असं कंपनी लेखी सांगते. पण कुठलंही फुकटचं बिलिंग ॲप घेऊन त्याला कॉन्टॅक्ट, एसएमएस, लोकेशन सगळ्याची परवानगी देऊन बसला असाल, तर तुमची काळजी रास्त आहे. ते ॲप काढा.

"डेटा अमेरिकेत जातो, ते कधीही बटण दाबतील." मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स २०१५ पासून पुण्यात, मुंबईत आणि चेन्नईत आहेत, गुगलचं २०१७ पासून मुंबईत. हे पैसे भरून घेतलेल्या सेवांचं झालं. फुकटच्या जीमेलमधलं कुठं ठेवलंय ते आपण ठरवत नाही, हे कबूल. आणि बटणाचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टनं रशियन भागीदार असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा खरंच थांबवल्या होत्या. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, सेवा परत सुरू झाल्या. मामांच्या दुकानात रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी नाही, तेव्हा त्यांच्यावर ती वेळ येईलसं वाटत नाही. पण ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गुगलवरचा प्रायव्हेट क्लाऊड गुगल क्लाऊडच्याच चुकीनं उडाला. सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची मोठी मदत झाली. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. झोहोसारखी चेन्नईची कंपनी घ्या, नाहीतर आठवड्याला एक प्रत हार्ड डिस्कवर काढून ती घरी न्या, दुसऱ्या मजल्यावर. त्या पेन ड्राइव्हलाही कामाला लावा, फक्त एकट्याच्या भरवशावर राहू नका.

"नेट गेलं की धंदा बंद." टॅली तुमच्याच मशीनवर चालते, बॅकअप रात्री गेला काय न् सकाळी गेला काय. पुढे.

"आयुष्यभर भाडं." हो. माणशी दर महिन्याला पैसे जातात आणि दर वाढतच जातात. एकट्याच्या दुकानाला पैसे भरायची गरज नाही, पाच-सहा माणसं एकाच फाइलीवर काम करत असतील तरच घ्या.

खरा धोका या सातांत कुठंच नाही. बहुतेक दुकानांचं जीमेल खातं ज्यानं उघडून दिलं त्याच्या मोबाइल नंबरवर असतं, बहुधा जुन्या अकाउंटंटच्या. तो नोकरी सोडून जातो आणि ओटीपी त्याच्याकडेच जात राहतात. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, कुरिअरवाल्या पोरालासुद्धा वाचता येईल असा. आज दुकान बंद करायच्या आत खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर मालकाचा करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करा आणि ओळखीची नसलेली उपकरणं साइन आउट करा.

मेसेजची शेवटची ओळ आहे: "आजच अकाउंट डिलीट करा आणि दहा ग्रुपवर पाठवा." तोच जीमेल तुमच्या जीएसटी नोंदणीला, आयकर पोर्टलला, उद्यम नोंदणीला आणि बँकेला दिलेला असतो. तो गेला की नोटीस कुठं येणार आणि ओटीपी कुठं येणार? कुणी आधीच डिलीट करून बसलं असेल तर थांबू नका, गुगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावर आत्ता जा, थोडे दिवस परत मिळण्याची शक्यता असते. नाहीच मिळालं तर जीएसटी पोर्टलवर नॉन-कोअर, म्हणजे नोंदणीतल्या किरकोळ माहितीच्या, दुरुस्तीतून अधिकृत सही करणाऱ्याचा ईमेल बदलून घ्या आणि मग बँकेत जा. यात कुणी पैसे किंवा ओटीपी काढून घेतला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.