शंभर रुपयांना किती पैसे, एवढंच सांगा

काल रात्री वर्षभराची स्टेटमेंटं काढून बसले. जेवणं उरकली होती, मुलगा लातूरला, घरात सामसूम. वहीवर एकेक आकडा उतरत गेला तसं डोकं तापत गेलं. साडेअकराला शेवटची बेरीज झाली. वर्षभरात क्रेडिट कार्डावर खर्च केले २,१८,००० रुपये. त्याबदल्यात हातात आले ८० रुपये ६८ पैसे. आणि हे कार्ड बाळगायची फी भरली ११७८ रुपये ८२ पैसे. मी ही बेरीज तीनदा केली. बेरीज बरोबर आहे.

मी अंबाजोगाईची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, रोज स्कूटीवर अप-डाऊन करते. कार्डासाठी फोन यायचे ते नेमके मधल्या सुटीत, पोरांना खिचडी वाढताना. "मॅडम, तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे. लाइफटाइम फ्री. एअरपोर्टला लाऊंज, हॉटेलात डिस्काउंट, पेट्रोलवर सूट, प्रत्येक खरेदीवर पॉइंट." चार वेळा नाही म्हटलं, पाचव्यांदा हो म्हटलं. घरात अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं तर ते म्हणाले, "किसान कार्डच ना हे?" त्यांच्या पिढीला कार्ड म्हणजे १९९८ पासून आलेलं किसान क्रेडिट कार्ड. वेळेवर फेडलं तर केंद्राची व्याजसवलत धरून पीककर्ज चार टक्क्यांना पडतं, एवढाच त्यांचा कार्डाशी संबंध. मी म्हटलं, नाही अण्णा, हे वेगळं. किती वेगळं, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

लाइफटाइम फ्री म्हणजे पहिलं वर्ष फ्री. हे दुसऱ्या वर्षीच्या स्टेटमेंटवर कळलं: ९९९ रुपये वार्षिक फी, वर १८ टक्के जीएसटी. फोन केला तर उत्तर मिळालं, वर्षाला दीड लाख खर्च केला की फी माफ होते. अहो, मी दोन लाखांच्या वर खर्च केलाय! तर म्हणे, मॅडम, तुमचा पात्र खर्च फक्त ६१,००० आहे.

पात्र खर्च. हा शब्द विकताना एकदाही तोंडातून निघाला नव्हता.

आता माझा खर्च बघा, आणि तुमच्याही घरचा आठवून बघा. पेट्रोल ३८,०००. विम्याचे हप्ते ४६,०००. लातूरला मुलाच्या क्लासच्या फीचा हप्ता ॲपवरून भरला, ५५,०००. लाइटबिल १८,०००. हे झाले १,५७,०००. यातला एकही रुपया त्यांच्या लेखी खर्च नाही. पेट्रोल वगळलं, विमा वगळला, शिक्षणाची फी वगळली, वीज वगळली. सोनं वगळलं, घरभाडं वगळलं, सरकारी भरणा वगळला, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे वगळले. मराठवाड्यातलं पगारदार घर पैसा कशावर घालतं हो? पोराच्या शिक्षणावर, गाडीच्या टाकीत, विम्यात आणि लग्नसराईत सराफाकडे. नेमकं तेवढंच काढून घेतलं की मागे उरतं काय? कपडे, किराणा, एखादा मिक्सर. त्या ६१,००० वर पॉइंट.

पॉइंटचा हिशेबही सरळ नाही. दर १५० रुपयांना २ पॉइंट. १४० ची खरेदी केली तर शून्य. २९० ची केली तरी दोनच, कारण दुसरे दीडशे पूर्ण झाले नाहीत. असे तुकडे पडत पडत वर्षभरात ७९० पॉइंट झाले. एक पॉइंट म्हणजे २५ पैसे. म्हणजे दीडशे रुपये खर्चले की पन्नास पैसे परत. शेकडा तेहतीस पैसे! मी चौथीच्या वर्गाला शेकडेवारीची तोंडओळख करून देते, आणि हा आकडा मला दोन वर्षं कुणी सांगितला नाही, कारण तो आकड्यात सांगितला तर कार्ड कुणी घेणारच नाही. म्हणून पॉइंट. रुपयाला पॉइंट म्हटलं की माणसाला हिशेब लागत नाही.

७९० पॉइंटांचे १९७ रुपये ५० पैसे झाले. ते वटवायला गेले तर वटवण्याची फी ९९ रुपये, अधिक जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. माझाच पॉइंट, माझ्याच खर्चाचा, तो मलाच देण्यासाठी निम्म्याच्या वर कापून घेतला. उरले ते ८० रुपये ६८ पैसे. आणि मी ते घाईघाईने का वटवले? कारण मेसेज आला होता की पुढच्या महिन्यापासून एका पॉइंटची किंमत २० पैसे. थांबले असते तर एका मेसेजवर माझ्या जमेतला पाचवा हिस्सा गेला असता. मोंढ्यात एखाद्या अडत्याने सौदा झाल्यावर भाव असा पाडला तर शेतकरी काटा बंद पाडतील. इथे मात्र अटींमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं की बदल करण्याचा अधिकार त्यांचा. त्या अटी इंग्रजीत, बारीक अक्षरात, पानंच्या पानं.

शेकडा ३३ पैशांनी ती ११७८ रुपयांची फी भरून निघायला पात्र खर्च किती लागेल, तेही काढलं. साडेतीन लाखांच्या वर. त्यात पेट्रोल नको, फी नको, विमा नको. फक्त कपडे, किराणा आणि मिक्सर. साडेतीन लाखांचे मिक्सर घेऊ का मी?

लाऊंजचं, म्हणजे विमानतळावर फुकट बसा-जेवायच्या त्या खोलीचं ऐका. अंबाजोगाईला विमानतळ नाही, रेल्वेसुद्धा नाही. गाडी पकडायची तर घाटनांदूर नाहीतर परळी गाठा. चिकलठाण्याचं विमानतळ इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. दोन वर्षांत मी एकदाच विमानात बसले, भावाकडे दिल्लीला जाताना. लाऊंजच्या दारात कार्ड दिलं तर यंत्राने नाकारलं. का? तर आधीच्या तिमाहीत ५०,००० खर्च झाला नव्हता. ही अट आधी नव्हती, मधेच आली. मागे रांग उभी होती, सोबत अण्णा होते. बाहेरच्या खुर्चीवर बसून डब्यातली दशमी खाल्ली. दशमीचं काही वाईट वाटलं नाही. ज्या सवलतीचं नाव घेऊन मला पाच फोन केले ती दारात हिसकावून घेतली, याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

हॉटेलांची यादी उघडली तर पुणे, मुंबई, हैदराबाद. टॅक्सीच्या ॲपवर सूट, आमच्याकडे ते ॲप उघडलं की गाडीच दिसत नाही. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्यांवर सूट, तेही इथे नाहीत. फी मात्र मुंबईवाल्याइतकीच. सवलती महानगराच्या आणि फी सगळ्यांना सारखी, हा कुठला न्याय?

पेट्रोलवरची "सूट" ही तर सरळ दिशाभूल आहे. ती पेट्रोलवरची सूट नसतेच. कार्डाने पेट्रोल भरलं की वर एक टक्का सरचार्ज लागतो, तो परत करणं म्हणजे यांची सूट. तेही बिल ४०० च्या वर असेल तर. माझ्या स्कूटीची टाकी ३०० मध्ये भरते. म्हणजे दरवेळी तीन रुपये आणि त्यावर जीएसटी माझ्या खिशातून. रोखीने भरलं असतं तर हे तीन रुपये लागले नसते.

दुकानात वेगळीच तऱ्हा. सराफाकडे ४०,००० चं मंगळसूत्र केलं, ते म्हणाले, "बाई, कार्ड चालतंय, पण मशीनचे दोन टक्के वर पडतात." म्हणजे ८०० रुपये. पॉइंट शून्य. नोटा मोजून दिल्या, कार्ड पर्समध्येच राहिलं. त्या सराफावर मी चिडू शकत नाही, त्याच्याकडूनही ते पैसे कापलेच जातात. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून निघालंय, ती सोय चांगली आहे, मान्य. पण ते फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर चालतं, आणि आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने भिंतीवर चिकटवलाय तो त्याच्या बचत खात्याचा क्यूआर. तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. तो बिचारा म्हणतो, "ताई, दुसऱ्यानं पाठवा की." पाठवते.

इथवर माझं नुकसान. दीड-दोन हजारांचं. ते मी सोसते, पगार आहे. खरा जाळ झालाय तो पुढच्या गोष्टीने.

नणंदेचा मुलगा केज तालुक्यात शेती करतो, जोडीला गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यालाही असंच कार्ड गळ्यात मारलं. जूनमध्ये पेरणीला पैसे कमी पडले, कृषी सेवा केंद्रात कार्ड घासलं, खत-बियाण्याचे ३०,०००. बिल आलं त्यावर दोन आकडे: एक पूर्ण रक्कम, एक "मिनिमम ड्यू", म्हणजे निदान एवढे तरी भरा अशी रक्कम, १,५००. त्याला वाटलं हा हप्ता आहे. वाटणारच, मोबाईल नि मोटारसायकल हप्त्यानेच घेतात आमच्याकडे. इमानेइतबारे दर महिन्याला दीड हजार भरत राहिला. दिवाळीला आला तेव्हा मला म्हणाला, "मामी, मी दर महिन्याला भरायलोय, तरी रक्कम कामून कमी होईना?"

कशी होईल? महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. ३०,००० वर महिन्याचं व्याज १,०५० रुपये, त्या व्याजावर जीएसटी १८९. त्याच्या दीड हजारातले १,२३९ रुपये इथेच गेले, मुद्दल कमी झालं २६१ ने. पाच महिन्यांत पोराने साडेसात हजार भरले आणि कर्ज कमी झालं चौदाशेच्या आसपास. शिवाय बाकी असताना नवीन काही घेतलं की त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, ते ४५ दिवस बिनव्याजीचं आश्वासन तिथल्या तिथे संपतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. पॉइंट किती मिळतील ते सांगितलं होतं.

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याला विनातारण कर्ज द्यायचं तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरलेल्या दराने वर्षाला १२ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सावकाराला! आणि कार्डावर ४२ चालतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे आता तेवढाही आडोसा नाही. त्या पोराचे उरलेले पैसे मी आणि यांनी मिळून एकरकमी भरले, हातउसने म्हणून. सोयाबीन विकलं की देईल, नाही दिलं तरी चालेल.

आता मला सांगा, हे पॉइंट येतात कुठून? दुकानदाराकडून कापलेल्या टक्क्यांतून आणि माझ्या भाच्यासारख्यांच्या व्याजातून. केजच्या पोराने दीड-दीड हजार भरायचे, आणि त्यावर कुणीतरी विमानतळावर फुकट जेवायचं. ज्या दिवशी मला हे उमगलं त्या दिवशी ते ८० रुपये ६८ पैसेसुद्धा मला नकोसे झाले.

मला काही जगावेगळं नको आहे. कार्डाच्या कागदावर पहिल्याच पानावर, मराठीत, ठळक अक्षरात एवढंच छापा: शंभर रुपये खर्चले की किती पैसे परत मिळतील, आणि कशाकशावर मिळणार नाहीत. तुमच्यापैकी कुणी सध्या कार्ड निवडत असेल तर लाऊंजच्या चित्राकडे बघू नका. आधी वगळलेल्या खर्चाची यादी मागा, घरच्या खर्चातून ती वजा करा आणि उरलेल्यावर पैसे मोजा. बिनफीचं, सरळ एक टक्का परत देणारं कार्ड असतं तर माझ्या त्याच ६१,००० वर ६१० रुपये आले असते. आणि महिन्याचं बिल पूर्ण भरता येणार नसेल तर कार्ड घेऊच नका, कितीही पॉइंट देऊ देत.

मी कार्ड बंद करायला सांगितलंय. सगळी बाकी भरून, मेल पाठवून. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे: बाकी नसेल तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. सात दिवस कधीच संपले, त्याच्या पुढचा आज चौथा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय.

आज पुन्हा मधल्या सुटीत फोन आला. "मॅडम, कार्ड बंद करू नका, तुम्हाला ५०० बोनस पॉइंट देतो."

मी विचारलं, "५०० पॉइंट म्हणजे किती रुपये?"

"चेक करून सांगतो, मॅडम."

फोन ठेवला आणि वहीत चौथी रेघ ओढली. दोन हजार रुपये.