बीटलचा सेल्फ तापल्यावर रुसतो, पण दोष एकट्या उष्णतेचा नाही

जुन्या फोक्सवॅगन बीटलवाल्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. लांब चालवून गाडी बंद केली आणि लगेच किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं, कारण सेल्फ तापतो. म्हणून त्याला फॉइल गुंडाळा, सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बदला, मोठी बॅटरी टाका, नाहीतर सरळ रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) लावा. १२ व्होल्टच्या गाड्यांपुरतं बोलायचं तर यात तथ्य थोडं आणि खर्च जास्त.

"उष्णताच कारण." अर्धं खरं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांवरून १०० वर गेलेल्या सोलेनॉइडच्या कॉइलचा रोध सव्वापट होतो आणि ओढ कमी पडते. धड वायरिंग असेल तर सोलेनॉइड एवढी घट पचवतो. बीटलमध्ये अडतं ते वेगळ्याच जागी. बॅटरी मागच्या सीटखाली, सेल्फ तिथून जवळच. तरी सोलेनॉइडचा करंट आधी डॅशबोर्डपर्यंत जातो आणि किल्लीच्या स्विचमधून परत मागे येतो. जुनी वायर, झिजलेले कॉन्टॅक्ट, वायरींच्या टोकांचे सैल जोड मिळून ०.१ ओहम जरी साचला, तरी ३० अँपिअरला ३ व्होल्ट वाटेतच संपतात. थंडपणी कसंबसं भागतं, तापल्यावर नाही. राहिली फॉइल. सेल्फ गिअरबॉक्सच्या घरातच बोल्टने आवळलेला असतो. धातूतून येणारी उष्णता ती काय अडवणार?

"टक् झालं म्हणजे सोलेनॉइड गेला." आधी मोजा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटरचं लाल टोक सोलेनॉइडच्या ५० नंबर टर्मिनलला (किल्लीकडून येणारी वायर लागते तो), काळं सेल्फच्या बॉडीला, आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. गाडी तापलेली असतानाच, किल्ली धरून ठेवलेली असतानाच. ९ व्होल्टच्या खाली आलं तर बहुधा सोलेनॉइड निर्दोष आहे. ३० नंबर (बॅटरीची जाड केबल लागते तो) आणि ५० हे टर्मिनल जाड स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्यावर सेल्फ झटक्यात फिरला, तर शंकाच उरली नाही. (ठिणगी उडते, पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग नको.)

"मोठी बॅटरी टाका." वाटेतला रोध तोच राहतो.

"रिले लावला की प्रश्न मिटला." हा उपाय खरंच चालतो, पण फक्त ५० च्या वाटेपुरता. ४० अँपिअरचा रिले घ्या: किल्लीकडून येणारी वायर रिलेच्या ८६ नंबर पिनला, ८५ अर्थला, सेल्फच्या ३० वरून ४ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० ला, आणि ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला. तरी सेल्फ जडच फिरत असेल तर गिअरबॉक्स आणि चॅसीमधली विणलेली अर्थ पट्टी बघा. गिअरबॉक्स रबरावर बसलेला, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट याच पट्टीतून परततो, आणि खाली लोंबकळणारी ही पट्टी चिखलपाण्यात सडते. इग्निशन कॉइलची १५ नंबरची वायर काढून (म्हणजे इंजिन चालू होणार नाही) सेल्फ मारा: बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ०.३ व्होल्टच्या वर, किंवा पॉझिटिव्हपासून ३० पर्यंत ०.५ च्या वर दिसलं, तर तिथलं जोड उघडून ब्रशने घासा, नाहीतर पट्टी बदला. हे माप थंड गाडीवरही घेता येतं.

"तरीही जड फिरतो, म्हणजे सेल्फच नवा आणा." नवा आणून जुन्या बुशमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या छोट्या नळीत) बसवला तर तोही घासणार. सेल्फच्या शाफ्टचं टोक गिअरबॉक्सच्या घरातल्या बुशमध्ये फिरतं, आणि सेल्फ बदलताना तो बुश तिथेच राहतो. तो झिजला की शाफ्ट कलतो आणि आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) भोवतीच्या स्थिर फील्डच्या पोलना घासतं. सेल्फ काढलाच आहे, तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून जुना बुश ओढून काढा आणि नवा इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवून मगच ठोका.