खोट्या अशोकाची खरी भानगड

परवा सकाळी एका सार्वजनिक बागेत, पाच ते सात वयाच्या बारा मुलांसमोर, पांढऱ्या बुटातल्या एका गृहस्थांनी माझी अक्कल काढली. विषय होता अशोक. सम्राट नव्हे, झाड.

मुलांना झाडं दाखवायला नेतो तेव्हा आमचा हिशेब ठरलेला असतो. बारा मुलांमागे दोन मोठी माणसं, वेळ साडेसात ते साडेआठ, आणि झाडं फक्त चार. पाचव्या झाडापाशी कुणाला तरी शू लागते, आणि एकाला लागली की बाराही जणांना लागते. हौशी पालक ‘तासात पंचवीस झाडं’ अशी यादी घेऊन येतात, त्यांच्या पोरांना शेवटी फक्त पंचविसावं झाड आठवतं, तेही तिथे बिस्किटं मिळाली म्हणून.

पहिलं झाड कडुनिंबाचं घ्यावं. जुन्या निंबाच्या सालीचा ठसा झकास उठतो. पातळ कागद खोडाला सुतळीने बांधायचा, म्हणजे पोरं धरून धरून कंटाळत नाहीत. खडूवरचं वेष्टन सोलायचं आणि खडू आडवा धरून घासायचा. टोकाने घासला की सालीच्या खाचेत कागद फाटतो आणि भोकाड सुरू. साल ओली नको, आणि पेरू किंवा अर्जुन तर मुळीच नको. गुळगुळीत सालीचा ठसा कोऱ्या कागदासारखाच येतो, मग मूल झाडाला ‘बिघडलंय’ म्हणतं. बांधण्याआधी खोडावर मुंग्यांची रांग आणि सुरवंट आहेत का, हे आपण पाहायचं. मुलं पाहतात ती हात लावून.

मग पान. निंबाचं पान आणा म्हटलं की बाराही जण दातेरी कडेची एकेक पर्णिका आणतात. तेव्हा विचारायचं, ‘डोळा कुठाय?’ पान फांदीला जिथे चिकटतं त्या बेचक्यात एक बारीक कळी असते, माळी तिला डोळा म्हणतात. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. तो शोधत शोधत मूल देठावरून मागे मागे जातं आणि फांदीपाशी पोचतं, तेव्हा कळतं की हे सगळं मिळून एकच पान. गुढीला बांधतात त्या डहाळीवर पानं किती, हे यानंतर कुठल्याही पहिलीतल्या मुलाला विचारावं. त्याच्या काकांना विचारू नये.

तर ते पांढऱ्या बुटातले काका.

आम्ही कुंपणालगतच्या उंच, निमुळत्या झाडांपाशी पोचलो होतो. सोसायट्यांच्या फाटकांशी पहाऱ्याला उभी असतात ना, तीच. मी मुलांना सांगितलं, हा खोटा अशोक, याला आसुपालवही म्हणतात. मागून आवाज आला, “मॅडम, एक मिनिट. खोटा कसा? माझ्या बंगल्यासमोर अकरा आहेत.”

मी म्हणाले, “काका, ते अकराही खोटेच.”

हे म्हणायला नको होतं असं लोक म्हणतील. पण दुसरं काय म्हणणार?

“सीतामाई लंकेत कशाखाली बसली होती?” त्यांनी थेट मुलांनाच विचारलं.

मुलांनी आपली परीक्षेची पट्टी लावली. “झाडे आपल्याला सावली देतात, फळे देतात, ऑक्सिजन देतात!”

“शाब्बास! तर ती याच अशोकाखाली बसली होती. चाळीस वर्षं मी याला अशोक म्हणतोय.”

आता या जातीच्या फांद्या खोडालगत खाली झुकलेल्या असतात. सकाळच्या उन्हात सावली पडते लांबलचक, पण रुंदी जेमतेम एका पोरापुरती. आमची बारा जणं ऊन चुकवायला त्या पट्ट्यात एकामागे एक उभी होती, रेशनच्या रांगेसारखी. त्यातली सातव्या नंबरवरची मुलगी म्हणाली, “मग सीता उभीच राहायची का?”

काकांनी ऐकलंच नाही. मी समजावू पाहिलं. सीतेचा अशोक वेगळा. त्याचं पान निंबासारखं संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचं, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी, फुलं नारिंगी, पुढे लालसर होत जाणारी, आणि ती जुन्या जाड फांद्यांवरही थेट फुटतात. याचं पान साधं, कडेला लाटा असलेलं, आणि फुलं फिकट हिरवी चांदणीसारखी, पानांत लपल्यामुळे कुणी बघतच नाही. खरा अशोक याच बागेत स्वच्छतागृहाच्या मागे आहे आणि आत्ता फुललाय, चला दाखवते.

“ते कसलं तरी शोभेचं झाड आहे,” काका म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. त्यांनी फोन काढला. झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं ॲप त्यांच्या सुनेने टाकून दिलं होतं. फोन आधी आडवा धरला, मग उभा, मग चष्मा वर केला. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा आला. दुसऱ्यात मी. तिसऱ्यात झाड. काका अक्षर लावत वाचू लागले, “मो… नू… न… लाँगिफोलियम.” थांबले. “हे तर मोनू म्हणतंय.”

जुन्या पुस्तकांतलं पॉलिअल्थिया लाँगिफोलिया ते हेच, शास्त्रज्ञांनी नाव बदललं आहे. पण हे सांगायला उसंत कुणाला? “मोनू! मोनू!” बारा मुलांनी झाडाचं बारसं करून टाकलं. एकाने त्याला टाटा केला. खरं तर मुलांनी आधी आपलं नाव ठेवावं, पुस्तकातलं मागाहून सांगावं, ही चांगलीच रीत आहे. आपण ठेवलेल्या नावाचं झाड मूल पुढच्या वेळी शोधत जातं. पण ते नाव सुनेच्या ॲपने ठेवावं, अशी काही माझी योजना नव्हती.

काका हरले नाहीत. फाटकाशी जाऊन रखवालदाराला म्हणाले, “मामा, या बाई मुलांना भलतंच शिकवतायत. परवानगी आहे का विचारा.”

मामा शिट्टी वाजवत आले. परवानगीचं पत्र? नाही. मुलांच्या पिशवीत काय? पडलेली पानं. “पानं तोडू नयेत अशी पाटी आहे.” तोडली नाहीत, पडलेली उचलली. “पडली तरी बागेचीच.” मी कागदी पिशव्या उलट्या करून दाखवल्या. कागदीच असतात, कारण प्लॅस्टिकमध्ये पानं घामेजून काळी पडतात. सावरीचं एक अख्खं फूल निघालं. आम्हाला ते अजून उघडायचं होतं. बाहेरून जाड पेल्यासारखा निदलपुंज, पाच लाल मांसल पाकळ्या आणि आत पुंकेसरांचा एवढा झुबका की मोजता मोजता मुलं भांडतात. मामांनी ते जप्त केलं.

त्याच वेळी मागच्या कोपऱ्यात सफाईवाल्याने झाडून गोळा केलेला पानांचा ढीग पेटवला होता. धूर थेट आमच्या रांगेवर येत होता. त्याला कुणी पत्र मागितलं नाही. याच बागेत पिवळी कण्हेर मुलांच्या हाताशी लावली आहे, जिच्या बिया अतिशय विषारी. तिच्याखाली पाटी नाही. मी प्रत्येक फेरीत मुलांना तिच्यापासून आणि रुईच्या चिकापासून लांब ठेवण्यात जाते, आणि शिट्टी वाजते ती सुकलेल्या पानासाठी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. तिथे गुरांनी काही लेखी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

शेवटी मी कार्यालयात गेले. अर्ज साध्या कागदावर, दोन प्रती. मुलांची संख्या, वेळ, आणि ‘झाडास स्पर्श करणार किंवा कसे’. मी लिहिलं, करणार. सुतळी छातीच्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळून घेर मोजणार. छाती मुलांची, कारण वनखात्याची उंची 1.37 मीटर, ती सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. कारकुनाने हे सगळं खोडलं आणि ‘निरीक्षण’ असं लिहायला लावलं.

मग म्हणाला, अर्जाला परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची शिफारस जोडा. संघाचे सचिव कोण ते भिंतीवरच्या फलकावर होतं, फोटोसकट. बूट फोटोत दिसत नव्हते, पण ओळखले.

मी फोन केला. काका फार प्रेमाने बोलले. सही देतो म्हणाले, अगदी आनंदाने देतो. फक्त पुढच्या वेळी पंधरा मिनिटं त्यांना द्यायची. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन कसा सोडतो (सोडत नाही), यावर त्यांना मुलांशी बोलायचंय.