खोडलेल्या ओळीही दाखवा की!

तुमचा दुर्मीळ पुस्तकांवरचा लेख आवडला, पण त्यात यहुदा मोस्काटोच्या 'नेफुत्सोत यहुदा' या हिब्रू पुस्तकाला नुसतं 'गूढवादी प्रवचनांचं दुर्मीळ पुस्तक' म्हणून एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. इटलीतल्या मांतुआ शहराच्या या रब्बीची (ज्यू धर्मगुरूची) ५२ प्रवचनं १५८९ मध्ये व्हेनिसला छापली गेली. छापणारा दि गारा ख्रिस्ती, कारण ज्यूंना तिथे स्वतःचा छापखाना काढायची मुभाच नव्हती. त्याच शहरात १५५३ मध्ये तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या प्रतींची होळी झाली होती!

पहिलंच प्रवचन संगीतावर आहे. दावीद राजाच्या बिछान्यावर टांगलेलं किन्नोर हे तंतुवाद्य मध्यरात्री उत्तरेचा वारा लागून आपोआप वाजायचं, ही तालमूदमधली कथा धरून मोस्काटोची स्वारी सुरांच्या गणितात आणि तिथून कबालात, म्हणजे ज्यू गूढविद्येत, शिरते. (मला तर आपल्या कीर्तनातलं निरूपणच आठवलं.)

आणखी एक. त्या काळच्या इटलीतल्या हिब्रू पुस्तकांत पुष्कळदा सेन्सॉरने शाईने खोडलेल्या ओळी आणि शेवटच्या पानावर त्याची सही सापडते. काही प्रतींत ती शाई आता विटून तांबूस झालीय आणि खालचा मजकूर खुशाल वाचता येतो. लेखात मुखपृष्ठाच्या चित्राऐवजी असं एखादं पान टाकायचं होतंत.