पॉइन्सेटिया जीवघेणा नाही, आणि एका नाताळापुरताही नाही

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावातल्या टिळकवाडी-कॅम्प भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. वर लाल पानांच्या पॉइन्सेटियाचा फोटो आणि खाली इशारा: याचं एक पान पोटात गेलं तरी लहान मूल दगावतं, चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाते, चिकाचं झाड घरात अशुभ, लाल रंग इंजेक्शन देऊन आणलेला असतो आणि झाड थंड देशातलं असल्यानं नाताळ संपला की मरतंच. शेवटी 'सर्वांना पाठवा'. यंदा तो वाचून आमच्या शेजारच्या आंटींनी येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याजवळ ठेवलेली कुंडी उचलून गच्चीवर नेली. 'नातवंडं येणार आहेत बघ, कशाला ती जोखीम,' म्हणाल्या. नातवंडांची काळजी रास्तच आहे. पण त्या मेसेजमधली माहिती चुकीची आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी विषाचं. ही भीती कुठून आली ते माहीत आहे. १९१९ साली हवाई बेटांवर एका लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल पॉइन्सेटियाचं पान खाऊन दगावलं, अशी एक कथा पसरली. पुढे ती निव्वळ ऐकीव निघाली, पण तोवर ती पुस्तकांत शिरली होती. आज शंभर वर्षांनंतर तीच आपल्या फोनवर येते आहे. याउलट १९९६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्रांकडे पॉइन्सेटियाबद्दल आलेल्या २२,७९३ नोंदी त्यात तपासल्या होत्या आणि त्यांतली बहुतेक लहान मुलंच होती. मृत्यू एकही नाही. ९२ टक्क्यांहून जास्त जणांना कसलाही त्रास झाला नव्हता. तिथल्या विषविज्ञानाच्या माहितीकोशात असाही हिशेब आहे की सुमारे २२ किलो वजनाच्या मुलानं ५००-६०० पानं खाल्ली तरी घातक मात्रा गाठली जात नाही. पान चवीला कडवट असतं, मूल दुसरा घास घेतच नाही. पान चावलंच तर तोंड पुसावं आणि पाणी पाजावं. थोडी मळमळ होईल, क्वचित उलटी होईल. मुद्दाम उलटी काढायला लावू नये. कुत्र्या-मांजरांनाही लाळ गळण्यापलीकडे किंवा एखाद्या उलटीपलीकडे सहसा काही होत नाही.

मला खरी चिंता वेगळीच वाटते. ज्या अंगणांतून पॉइन्सेटिया हद्दपार होतो आहे, त्याच अंगणांत बिट्टीचं झाड, म्हणजे पिवळी कण्हेर, उभं असतं आणि पोरं त्याच्या बिट्ट्या घेऊन खेळत असतात. बिट्टीच्या बीमधलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं आणि त्यानं माणसं दगावतात. साधी कण्हेरही त्याच जातकुळीची. परसातला एरंड, कुंपणावरचा मोगली एरंड, शेतकडेचा धोत्रा, माळेत ओवलेली गुंज, या सगळ्यांच्या बिया मुलांच्या तोंडापासून खरोखरच लांब ठेवायला हव्यात. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात दाखल होतात. 'सर्वांना पाठवा' असं काही लिहायचंच असेल तर ते या झाडांबद्दल लिहा.

डोळ्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या झाडाचं. आपल्याकडे जुन्या बांधांवर शेराची कुंपणं असतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, बुबुळाला इजा होते आणि काही दिवस दिसेनासंही होऊ शकतं. ते छाटणाऱ्याला विचारा. शेर आणि पॉइन्सेटिया दोन्ही युफोर्बिया प्रजातीतले, दोन्ही पांढऱ्या चिकाचे, त्यामुळे एकाची ख्याती दुसऱ्याला चिकटली. पॉइन्सेटियाचा चीक त्यामानानं बराच सौम्य आहे. तरी छाटताना हातमोजे घालावेत, डोळ्याला हात लावू नये. चीक गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवावा आणि आग थांबली नाही तर डॉक्टर गाठावा. फुगे किंवा रबरी हातमोजे ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी मात्र या चिकापासून दूरच राहावं. त्यांना पुरळ, खाज येऊ शकते.

अशुभाबद्दल एवढंच म्हणेन: शनिवारी मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ वाहतो, औदुंबराला प्रदक्षिणा घालतो, वडाला सूत गुंडाळतो. तिन्ही चिकाचीच झाडं. चिकामुळे त्यांचं पावित्र्य कमी झालेलं नाही. मग नाताळात कुणाच्या घरी वेदीशेजारी ठेवलेल्या झाडाला आपण अशुभ का म्हणावं?

रंगाचं इंजेक्शन वगैरे काही नसतं. लाल दिसतात ती पानंच असतात. खरी फुलं म्हणजे मधोमध असलेले पिवळट-हिरवे बारीक मणी. रात्री मोठ्या झाल्या की फुलांभोवतीची पानं आपोआप रंगतात. लाल, गुलाबी, पांढरट, पिवळट असे रंग जातीनुसार येतात. निळा किंवा चमकीचा पॉइन्सेटिया दिसला तर तो मात्र वरून फवारलेला रंग समजावा. खरेदी करताना ते मधले मणी नीट बघा. ते घट्ट आणि हिरवट असतील तर झाड ताजं आहे. त्यांतून पिवळा पराग सांडत असेल किंवा ते गळून गेले असतील तर लाली फार दिवस टिकणार नाही. खालपर्यंत हिरवी पानं हवीत. पान उलटून पांढरी माशी नाही ना तेही बघून घ्या. माती ओली असूनही पानं मलूल असतील तर मुळं कुजायला लागली आहेत, ती कुंडी घेऊ नका. प्लास्टिकच्या वेष्टनात दाटीवाटीनं दिवसेंदिवस ठेवलेली कुंडीही टाळा.

आता शेवटचा मुद्दा, झाड थंड देशातलं आणि म्हणून अल्पायुषी. यात दोन्ही गोष्टी चूक आहेत. पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या तास्को परिसरात तो डोंगरउतारांवर रानात वाढतो. १८२५ ते १८२९ या काळात मेक्सिकोत अमेरिकेचे प्रतिनिधी असलेल्या जोएल पॉइन्सेट यांनी तो आपल्या देशी नेला आणि त्यांच्याच नावानं तो जगभर गेला. तास्को साडेअठराव्या अक्षांशावर आहे, बेळगाव सोळाव्याच्या जवळ. तिथेही पाऊस जून ते सप्टेंबर आणि हिवाळा कोरडा. म्हणजे हवामानाच्या दृष्टीनं हे झाड युरोपपेक्षा आपल्याकडे जास्त घरचं आहे. १० अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही. आपल्या डिसेंबरातल्या रात्री सहसा त्याच्या वरच असतात. जमिनीत लावलं तर पुरुषभर उंचीच्या वर जातं आणि वर्षानुवर्षं जगतं.

मग कुंडीतलं जानेवारीत का मरतं? बहुतेक वेळा पाण्यानं. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या कुंडीच्या तळाशी पाणी साचतं आणि मुळं सडतात. घरी आणल्याबरोबर तो कागद काढा, निदान तळाला भोकं पाडा. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. सकाळचं कोवळं ऊन येणारी खिडकी उत्तम. एसीचा झोत नको. पिकत्या केळ्यांच्या टोपलीशेजारीही ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लोळतात आणि गळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल पानं गळतात, तेव्हा लोक झाड मेलं समजून टाकून देतात. ती त्याची विश्रांती असते. फांद्या वीतभर ठेवून छाटा, पाणी कमी करा. एप्रिल-मे अर्धसावलीत काढू द्या. पहिले पाऊस पडले की मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवा, शेणखत घाला. खानापूर-बेळगावच्या तांबड्या मातीत पाणी निचरतं, तिथे काळजी नाही. गोकाक-अथणीकडच्या काळ्या जमिनीत मात्र उंचवटा करून, वाळू मिसळूनच लावा, नाहीतर भर पावसात मूळकूज ठरलेली. छाटलेल्या फांद्यांचे चार-चार इंचांचे तुकडे, चीक पाण्यात थांबवून, याच दिवसांत लावले तर रोपं होतात. जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खुडले की झाड डेरेदार होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर मात्र खुडू नका. आणखी एक, नर्सरीत उंची रोखायचं औषध दिलेलं असतं. दुसऱ्या वर्षी तेच झाड उंच आणि सैलसर वाढतं, त्यात बिघाड काही नाही.

आणि 'आमचं झाड वाढलं पण लाल झालंच नाही' अशी तक्रार फार जण करतात. कारण दिवा. या झाडाला लांब, सलग अंधाराची रात्र लागते, तीही आठ-दहा आठवडे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडे दिवाळीचा, आकाशकंदिलाचा आणि तुळशीच्या लग्नाचा काळ, आणि कुंडी नेमकी त्याच बाल्कनीत असते. मध्यरात्री थोडा वेळ लागलेला दिवाही रंग लांबवतो. रस्त्याच्या खांबाकडची फांदी हिरवी आणि पलीकडची लाल, असं एकाच झाडावर दिसू शकतं. तेव्हा १ ऑक्टोबरपासून कुंडी दिवा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा, किंवा संध्याकाळी साडेपाच ते सकाळी साडेसात तिच्यावर पुठ्ठ्याचा खोका घाला. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा. डिसेंबरात रंग पुरता चढला की कुंडी खुशाल दिवाणखान्यात आणा, मग दिव्यांनी काही बिघडत नाही.