गार्ड कोणी काढला, या प्रश्नाविषयी

महोदय,

पॉवर प्रेस, म्हणजे दाब देऊन पत्र्याला आकार देणारे यंत्र, त्याखाली दोन बोटे गमावलेल्या गोव्याच्या डिचोली तालुक्यातील पंचवीस वर्षांच्या तरुणाविषयी मी लिहिले होते, त्यावरील आपले मत मी दोनदा वाचले. कुंडई औद्योगिक वसाहतीत आपण स्वतः कारखाना चालवता. आपला आक्षेप असा, की गार्ड, म्हणजे यंत्राच्या धोकादायक भागापुढचे संरक्षक कुंपण, कामगारच काढून ठेवतात, हा तरुण तर कंत्राटदाराचा माणूस होता, आणि तरीही उपचाराचा खर्च करून वर वीस हजार रुपये देणाऱ्या मालकाला मी गुन्हेगार ठरवले. मी त्यांना देणेकरी म्हटले होते, आणि त्या शब्दावर ठाम आहे. एका बाबतीत मात्र आपण बरोबर आहात: प्रेसला गार्डच नव्हता असे मी लिहिले होते, वास्तविक तो काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ती चूक मी दुरुस्त केली आहे.

आता तो भिंतीशी का गेला, हे पाहू. डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, तुकडा अडकला की प्रत्येक वेळी गार्ड उघडावा लागतो, त्यात वेळ जातो, आणि शिफ्टमध्ये काढायच्या मालाचा आकडा मात्र तेवढाच राहतो. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवण्याची युक्तीही याच घाईतून येते. हे सुपरवायझरला रोज दिसते. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 21 नुसार धोकादायक भागांना नुसते कुंपण बसवून भागत नाही. यंत्र चालू असताना ते जागेवर राहील हे पाहण्याची जबाबदारी कारखान्याची आहे. गार्ड उघडा असताना प्रेस चालूच होऊ नये अशी इंटरलॉकची सोय असती, तर कामगाराच्या स्वभावावर विसंबण्याची वेळ आली नसती.

तरीही, चूक पूर्णपणे त्याचीच होती असे क्षणभर धरू. हा अपघात जुने कायदे लागू असताना घडला (त्यांची जागा 21 नोव्हेंबर 2025 रोजी नव्या कामगार संहितांनी घेतली), म्हणून कलमे त्यांतलीच देतो. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) अधिनियम 1948 च्या कलम 51-ब मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की नियम किंवा हुकूम मोडून केलेल्या कामात अपघात झाला, पण ते काम मालकाच्या धंद्यासाठीच केलेले होते, तर तो कामावरचाच अपघात मानायचा. तो तरुण अडकलेला तुकडा काढत होता, आणि तो तुकडा मालकाचाच होता.

कंत्राटदाराच्या माणसाचाही या विम्याचा हप्ता भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाचीच असते. ती रक्कम नंतर कंत्राटदाराकडून वसूल करता येते. येथे हप्ता भरलाच गेला नव्हता. म्हणून मी वीस हजारांना मदत मानत नाही. त्याचा पगार पंधरा हजार, म्हणजे दिवसाला सुमारे पाचशे रुपये. जखम भरेपर्यंत ईएसआय महामंडळाकडून त्याला पगाराच्या 90 टक्के, म्हणजे रोज सुमारे साडेचारशे रुपये मिळायला हवे होते. तो तीन महिने घरी होता. त्याचेच चाळीस हजार होतात. एका हाताची दोन बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्क्यांनी घटल्याचे धरले आहे, त्यामुळे पुढे जन्मभर दिवसाला सुमारे नव्वद रुपये. ईएसआय लागू नसलेल्या छोट्या शेडमध्ये हेच घडले असते, तर 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या हिशेबाने, त्याच्या वयाचा 216.91 हा गुणक धरून, 3,90,438 रुपये देणे लागले असते. त्या कायद्यात मात्र, सुरक्षेसाठीचा गार्ड जाणूनबुजून काढल्याचा बचाव मालकाला मिळतो, हे मान्य करतो. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तोही उरत नाही.

‘यापुढे काही मागणार नाही’ असे वीस हजारांच्या पावतीवर त्याच्याकडून लिहून घेतले गेले. ज्या हाताने त्याने सही केली त्याला तेव्हा टाके होते, हे मला विसरता येत नाही. विमा महामंडळाकडचा त्याचा हक्क अशा कागदाने संपत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी वेळेत पुऱ्या करताना आपल्यासारख्यांची होणारी ओढाताण मी जवळून पाहिली आहे. परंतु पंधरा हजार पगारावर मालकाचा हप्ता 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 487 रुपये 50 पैसे, एवढाच येत होता. तेवढे भरले असते, तर हा सगळा भार महामंडळाने उचलला असता. आपल्या कंत्राटदाराकडून प्रत्येक कामगाराचा ईएसआय क्रमांक आणि नोंदणीची तारीख मागवून घ्यावी, ही आपल्याला माझी कळकळीची विनंती आहे. तो तरुण आता महामंडळाकडे अर्ज करत आहे. त्याला अपघाताच्या दिवसाची हजेरी आणि अपघात-नोंदवहीची प्रत हवी आहे, आणि ती त्याच्या जुन्या मालकांकडून मिळवून देण्यात आपण आपल्या ओळखीचा उपयोग केलात, तर मी आपला ऋणी राहीन.