सुनीताला दिलेले पैसे डायनिंगमध्ये धरतात का?

परवा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका बँकेत माझा महिन्याचा खर्च चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला. बँकेचं नाव सांगत नाही, कारण माझं केवायसी अजून त्यांच्याकडंच अडकलंय.

गेलोही होतो त्यासाठीच. आधार तेच, पॅन तेच, तोंड तेच. तरी अधूनमधून बँकेला आपली नव्यानं ओळख पटवून द्यावी लागते. टोकन घेऊन बसलो, तर टाय लावलेला एक पोरगा टॅब घेऊन शेजारी टेकला. "सर, तुमच्या खात्यावर प्री-अप्रूव्ह्ड रिवॉर्ड कार्ड आलंय. तुमच्या स्पेंडिंग हॅबिटप्रमाणं बेस्ट कार्ड निवडूया."

टॅबवर चित्रांचे चौकोन होते. विमान, हॉटेलातलं टेबल, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उगाच हसणारी बाई, पेट्रोल पंप, सिनेमाचं तिकीट. यातलं आपलं आयुष्य कुठलं त्यावर बोट ठेवायचं. विमानाशी माझा संबंध उजळाईवाडीच्या विमानतळावरनं एखादं वर जाताना दिसलं तर मान वर करण्यापुरता. हॉटेलातल्या त्या टेबलावर मेणबत्ती होती, आमच्याकडं लाईट गेल्याशिवाय मेणबत्ती कोण लावतं? बाईंबद्दल तर काही बोलायलाच नको. मी घुटमळलो तसा पोरगा म्हणाला, "थांबा सर, स्टेटमेंटच बघू." आणि मला विचारल्याबिचारल्याशिवाय माझं खातं उघडून वाचायला लागला. मोठ्यानं, कारण टोकनचं यंत्र वरनं सारखं कोकलत होतं.

"सर, तुमचा सगळ्यात जास्त वेळा होणारा खर्च म्हणजे... सुनीता."

माझ्या डाव्या हाताला एक आबा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, रबर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. पासबुक छापायचं मशीन बंद होतं, ते चालू होईल या आशेवर डोळे मिटून बसले होते. सुनीताचं नाव कानावर पडलं आणि आबांचे डोळे उघडले.

"कोण सुनीता?"

"ऐंशी रुपये," पोरगा वाचतच होता. "ऐंशी. ऐंशी. परत ऐंशी. इथं एकशेसाठ."

"एकशेसाठ?" आबा माझ्याकडं वळले. "त्या दिशी काय जास्त काम हुतं?"

"आबा, मिसळ आहे ती!" मी जवळजवळ ओरडलोच. "मिसळवाल्याच्या क्यूआरवर त्याच्या बायकोचं नाव येतं!"

आबांनी मान डोलावली आणि पलीकडच्या रांगेत कान टवकारून बसलेल्या काकूंना खुलासा केला, "लग्न झालेली हाय."

"अहो, मिसळ..."

"मिसळ आमीबी खातोय की ओ पावणं. आमच्या पासबुकात न्हाई कुणाचं नाव येत."

"तुम्ही रोख देता."

"मग! रोख द्यावं. पुरावा कशाला ठेवायचा?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. कॅश काउंटरमागच्या बाई नोटा मोजायच्या थांबल्या. पोरगा मात्र कर्तव्यदक्ष. "सर, पुढं शोभा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला, दोन हजारच्या आसपास."

"आता ही कोण?" आबा सावरून बसले. पासबुकाचं मशीन चालू झालं असतं तरी ते आता उठले नसते.

"दूधवाल्याची आई."

"आईपतोर गेलासा!"

याला मी काय करणार? आमच्या गावातला निम्मा धंदा बायकांच्या नावावर चालतो. गाड्यावर उभा बाप्या असतो, रस्सा तो वाढतो, कांदा संपला म्हणून शिव्या तो खातो, पण पैसे जातात बायकोच्या नाहीतर आईच्या खात्यावर. कपिलतीर्थ मार्केटात मी ज्या मावशींकडनं मेथी घेतो त्यांच्या क्यूआरवर कुठल्याशा मोबाईल शॉपीचं नाव येतं, कारण तो कागद भाच्यानं दिलेला. तेव्हा माझं स्टेटमेंट परक्या माणसानं वाचलं, तर त्याला दिसतो तो बायकांना नेमानं पैसे पाठवणारा आणि दर रविवारी सकाळी चाळीस रुपयांचा मोबाईल घेणारा गृहस्थ.

पोरग्याचा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्यानं अगदी गंभीरपणे विचारला. "सर, हे सुनीताचे पैसे डायनिंगमध्ये धरायचे का?"

ही मेख मला घरी येऊन वाचल्यावर कळली. कार्डाच्या जगात प्रत्येक दुकानाला चार आकडी नंबर असतो. रेस्टॉरंटला 5812, किराण्याला 5411, पेट्रोल पंपाला 5541. तुम्ही काय खाल्लं याला किंमत नाही, कुठल्या नंबराच्या दुकानात खाल्लं यावर पॉइंट मिळतात. सुनीताला नंबर नाही, तिचं साधं बचत खातं आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला रिझर्व्ह बँकेनं 2022 साली परवानगी दिली खरी, पण ते चालतं व्यापाऱ्याच्या क्यूआरवर. माणसानं माणसाला द्यायचे पैसे त्यातून जात नाहीत. म्हणजे कार्डवाल्यांच्या हिशेबी मी मिसळ कधी खाल्लेलीच नाही. कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी तोंडावर ऐकवलं असतं, तर बिंदू चौकात बघून घेतलं असतं.

"आणि सर, गंगावेस दूध कट्टा. हे डायनिंग की ग्रोसरी?"

निकाल आबांनी दिला. "कासंडीतनं उभ्यानं प्यालं तर औषद. किटलीतनं घरला न्हेलं तर किराणा."

पोरग्यानं ते लिहून घेतलं. देवाशप्पथ.

मग गाळणी सुरू झाली. पेट्रोल? पेट्रोलवर पॉइंट नाहीत. पंपावर कार्ड वापरल्याबद्दल जो एक टक्का जास्त लागतो तो माफ, तोही एका वेळी 400 रुपयांच्या वर भरलं तर. मी स्कूटरमध्ये दोनशेचं टाकतो. महावितरणचं बिल? पॉइंट नाहीत. विम्याचा हप्ता? नाहीत. महापालिकेचा घरफाळा? सरकारी भरणा, नाहीत. पोरीची शाळेची फी? शाळा चेक घेते, आणि कुठल्या ॲपमधनं भरली तर ॲपच वर पैसे घेतं. गुजरीत सोनं घेतलं तर? तिथं कार्ड काढल्याबरोबर सोनार गोड हसून "दोन टक्के वर पडतील" म्हणतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. क्रेडिट कार्डावर दुकानदाराकडनं साधारण तेवढेच कापले जातात आणि आपल्याला मिळणारे पॉइंट त्यातनंच येतात. बँक पदरचं काही देत नाही. सोनाराच्या खिशातला रुपया काढून त्यातले चार आणे आपल्या हातावर ठेवते आणि त्याला बक्षीस म्हणते. वर ते बक्षीस घ्यायला आपण फी भरायची.

चपलांचं मात्र मला वाटलं होतं जमेल. पण चप्पल लाईनीतला आमचा नेहमीचा माणूस कार्ड म्हटलं की असा बघतो, जणू मी उधारी मागितली. उधारीच असते म्हणा ती.

शेवटी चाळणीत काय राहिलं? मॉलमधलं वाणसामान आणि बायकोचं ऑनलाईन, मिळून महिन्याला 5,000 रुपये. शंभराला एक पॉइंट, म्हणजे 50 पॉइंट. एका पॉइंटची किंमत किती, हे विचारल्यावर पोरगा प्रथमच अडखळला. "डिपेंड्स सर." कशावर? "कसे रिडीम करता त्यावर." बराच वेळ टॅबवर बोटं घासल्यावर पंचवीस पैसे असा आकडा निघाला. साडेबारा रुपये महिना, वर्षाचे 150. कार्डाची वार्षिक फी 499, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 588 रुपये 82 पैसे. आणि पॉइंटचे पैसे करून घ्यायचे तर दर वेळी 99 रुपये अधिक परत जीएसटी, म्हणजे 116 रुपये 82 पैसे. 150 मधनं ते गेले, राहिले 33 रुपये 18 पैसे. सुनीताकडं एवढ्यात नुसता कट आणि पाव मिळतो, तोही ओळख असेल तर.

"पण सर, वर्षाला एक लाख खर्च केलात तर फी माफ आहे!" पोरग्याला एकदम हुरूप आला. "तुमचे साठ हजार होतातच. अजून फक्त चाळीस हजार खर्च करा, म्हणजे तुमचे 588 वाचतील."

आबांनी हे दोनदा म्हणवून घेतलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"चाळीस हजारात अर्धी म्हस येती," ते म्हणाले. "मागली अर्धी घेतलासा तर दूदबी मिळंल."

"लाउंज पण आहे आबा," पोरगा म्हणाला. "विमानतळावर फुकट जेवण."

"कुठल्या?"

"पुणे, मुंबई."

"मंजी भजी खायाला पुण्याला जायाचं. एष्टीचं तिकीट कोण देनार? सुनीता?"

इथवर मीही हसत होतो. पण पोरगा हलक्या आवाजात म्हणाला, "सर, आणि एखाद्या महिन्यात जमलं नाही तर मिनिमम ड्यू भरला तरी चालतं," आणि माझं डोकं फिरलं. चालतं! मिनिमम, म्हणजे बिलातला ठरवून दिलेला थोडका भाग, भरला की दंड टळतो, व्याज नाही टळत. ते महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42, आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासनं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 साली तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अन्यायाचं ठरवलं होतं, ते डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. म्हणजे आता आयोगाची ती आडकाठीही राहिली नाही. टॅबवर हसणाऱ्या बाईच्या पिशव्यांत काय आहे ते मला तेव्हा कळलं. आणि ही माहिती त्या चौकोनांत कुठंच नाही. ती असते सगळ्यात शेवटी, मुंगीच्या अक्षरात, जिथं बोट जायच्या आधीच "ओटीपी आला का सर?" विचारतात.

आलाच होता. मी अजून हो म्हटलं नव्हतं, तरी ओटीपी आला होता. मागितल्याशिवाय कार्ड गळ्यात मारायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण सहा आकडे तोंडातनं निघाले की मागितलंच असं धरतात. मी आवाज चढवला. माझं खातं विचारल्याशिवाय का उघडलं, चारचौघांत का वाचलं, परवानगी कुणी दिली. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, ॲप घेताना तुम्ही टिक केलीय."

"तुज्याकडं हाय काय रं ह्ये कार्ड?" आबांनी मधेच विचारलं.

पोरग्यानं इकडंतिकडं बघितलं. "नाही आबा. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, बसत नाही." कागलकडनं येऊन-जाऊन करतो, बँकेचा नाही तर एजन्सीचा माणूस, महिन्याचं टार्गेट, नाही झालं तर पगारात कात्री. माझा राग गेला नाही, पण तो काढायला समोर माणूस उरला नाही. खरा माणूस काचेच्या केबिनमध्ये फोनवर हसत होता.

तेवढ्यात आबा मूळ मुद्द्यावर आले. पासबुक हे नुसतं निमित्त होतं. "कॅलेंडर द्या."

"आबा, कॅलेंडर यंदा फक्त प्रीमियम कस्टमरला."

आता आबांचा आवाज चढला. खिळा मारून भिंत तयार ठेवली आहे, अमावास्या कशात बघायची, दुधाचं लिटर कुठल्या चौकटीत लिहायचं, एवढं खातं जुनं आणि साधा कागद देत नाही. केबिनमधला फोन थांबला. साहेब बाहेर आले, आबांचा खाते नंबर कुणीतरी टाकला, पडद्यावर उसाच्या बिलांच्या ठेवींची जी काय माळ दिसली असेल ती दिसली, आणि साहेबांनी स्वतः दार धरलं. "या आबा, आत बसा. चहा घेणार?"

आबा आत. मी बाहेर, टोकन हातात. चहाचे कप आत जाताना दिसले.

जरा वेळानं आबा बाहेर आले ते काखेत कॅलेंडरच्या दोन सुरळ्या घेऊन. माझ्यापाशी थांबले. "पावणं, तुमाला न्हाई दिलं?"

मी पोरग्याकडं बघितलं. त्यानं टॅबवर बघितलं. "सर, तुम्ही रेग्युलरमध्ये येता."

आबांनी काखेतल्या सुरळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, क्षणभर खरंच विचार केला.

"दिलं आस्तं वो," ते म्हणाले, "पर दुसरं गोठ्यात लावायचं हाय."